शटर सकाळीच का रुसतं?

बीडच्या सुभाष रोडवरचं नाहीतर परळीच्या मोंढ्यातलं मोटरचं शटर घ्या. रात्री रस्त्यापलीकडून बटण दाबलं तरी खाली येतं. सकाळी मात्र पायरीवर उभं राहून, हात उंच करून तीनतीनदा दाबावं लागतं. मग रिमोटचा सेल बदलला जातो आणि अंतर तेवढंच राहतं. खरं तर अशा वेळी दोष बोलणाऱ्यात कमी, ऐकणाऱ्यात जास्त असतो. म्हणजे रिसीव्हरच्या बाजूला. सेल तोच, रिमोट तोच, मग रात्रीतून बदललं काय? मध्ये पत्रा आला. रात्री दुकानाचं तोंड उघडं असतं; सकाळी रस्ता आणि रिसीव्हर यांच्यामध्ये अख्खं लोखंड उभं, आणि त्यातून रेडिओलहर पार जात नाही, फटींतून शिरेल तेवढीच. त्यात रिसीव्हर मोटरशेजारी पत्र्याच्याच कव्हरखाली, आणि अँटेनाची वायर नीटनेटकी दिसावी म्हणून वेटोळं करून आवळलेली! यातले बरेच रिमोट 433.92 मेगाहर्ट्झवर चालतात. या लहरीची लांबी सुमारे 69 सेंटीमीटर, तिचा चौथा हिस्सा 17 सेंटीमीटरच्या आसपास; बारीक वायर तेवढी ठेवतात ती म्हणूनच. गुंडाळली किंवा कापली की रिसीव्हर बहिरा झाला.

उलट तक्रारही असते: सकाळी ठीक, दिवेलागणीला मात्र जवळ जावं लागतं. इथे पत्र्याला दोष देता येत नाही. संशय घ्यावा तो नव्या एलईडी दिव्यांवर. स्वस्त दिव्यांच्या आतलं सर्किट रेडिओगोंगाट करतं, आणि त्या कलकलाटात रिमोटची हाक विरून जाते. दिवे एकेक करून बंद करत बटण दाबून पाहिलं, की चोर सापडतो. सेल कधीच दोषी नसतो का? असतो की. पण तो सकाळ-संध्याकाळ पाहत नाही, आणि दुकानातल्या दोन रिमोटांपैकी बहुधा एकच रडतो. दोन्ही सारखेच रडले तर नजर रिसीव्हरकडे वळवावी. रिमोटवरचा लाल दिवा लागतो हा काही सेल चांगला असल्याचा पुरावा नव्हे, दमलेल्या सेलवरही तो मिणमिणतो. जास्त ताकदीचा रिमोट आणावा म्हणाल, तर मोकळ्या जागेतसुद्धा अंतर दुप्पट करायला ताकद चौपट लागते. शिवाय 433 ते 434 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात विनापरवाना 10 मिलीवॅटचीच मुभा आहे. त्यापेक्षा कव्हरला भोक पाडून, त्यात रबरी बूच बसवून, वायर सरळ बाहेर काढणं स्वस्त पडतं. ती पत्र्याला टेकू देऊ नका, आणि कव्हरला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करा.