दाबाचा काटा

संपादकांनी मला वाळूजला धाडले ते तेथील कारखानदारीवर लिहावे म्हणून. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना येथे सुरू झाला, त्याच्या आश्रयाने सुटे भाग घडविणारे लहानमोठे कारखाने उभे राहिले आणि गंगापूर तालुक्यातील कोरडवाहू रानाची औद्योगिक वसाहत झाली, हा वृत्तान्त सर्वश्रुत आहे. माझे चित्त मात्र गुंतले ते पुण्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यालगतच्या एका गॅरेजात, इंधनाचा दाब मोजणाऱ्या एका साध्या उपकरणाभोवती, ज्याला तेथे सारे नुसते ‘गेज’ म्हणतात.

तपासणीस आली होती एक जुनी पेट्रोल मोटार. “चढावर पिकअप घेत नाही, झटके मारते, पंप तर गेल्याच महिन्यात नवा टाकलाय,” ही मालकांची कैफियत. स्कॅनरने पी ०१७१ हा कोड दाखविला, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते एवढी वर्दी दिली. ते का कमी पडते, हे कोडात नसते. मिस्त्रींनी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालविले, इंजेक्टरांना पेट्रोल पुरविणाऱ्या रेलमधला दाब असा उतरवून सांध्याखाली फडके धरले, आणि मगच गेज जोडले. फ्यूज परत बसवून चावी फिरवताच काटा ३ बारवर गेला. इंजिन आयडलवर येताच अडीचवर उतरला, आणि रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढताच पुन्हा तीनवर चढला. त्या नळीत पेट्रोलचा थेंबही नव्हता, अर्थात रेग्युलेटरचा पडदा शाबूत होता.

उतावळ्या कारागिराने येथेच ‘दाब बरोबर आहे’ असा निवाडा दिला असता. परंतु आयडलवर इंजेक्टरांची मागणी अत्यल्प असते आणि दुबळा पुरवठाही ती भागवितो, हे जाणून मिस्त्रींनी गेजची लांब नळी बॉनेटच्या फटीतून बाहेर काढली, गेज समोरच्या काचेवर चिकटवले आणि गाडी रस्त्यावर घेतली. ॲक्सिलरेटर पुरता दाबताच जो काटा तीनवर चढावयास हवा होता, तो दोनच्याही खाली गेला.

फिल्टरही नवाच होता. “साहेब, पंपाला नावं ठेवण्याआधी त्याला करंट किती मिळतो ते बघावं लागतं,” असे म्हणून त्यांनी मागचे सीट उचलले. चालू इंजिनावर बॅटरीपाशी १४ व्होल्ट, पंपाच्या कनेक्टरपाशी जेमतेम ११! अर्थिंगच्या तारेचे टोक बॉडीला जेथे कसले होते तेथे गंज धरला होता. तो पॉलिश पेपरने घासून बोल्ट आवळल्यावर त्याच रस्त्यावर ॲक्सिलरेटर पुरता दाबूनही काटा तीनवरून ढळला नाही. काढून फेकलेला जुना पंप बहुधा निर्दोषच असावा.

इंजिन बंद केल्यावर काटा झरझर उतरत असेल तर शोधाची वाट निराळी. पुरवठ्याची नळी चिमटल्याने उतार थांबला तर दोष पंपाकडच्या एकमार्गी झडपेत, टाकीकडे परतणारी रिटर्नची नळी चिमटल्याने थांबला तर रेग्युलेटरमध्ये, आणि कशानेच थांबला नाही तर एखादा इंजेक्टर ठिबकत आहे असे समजावे. या पद्धतीतील तर्कशुद्धतेने मी भारावून गेलो.

परंतु ही विद्या संकटात आहे. नव्या पेट्रोल गाड्यांत बहुधा रिटर्न लाइनच नसते. पंप, रेग्युलेटर आणि पुष्कळदा फिल्टरही टाकीत एकाच डब्यात बंदिस्त असतात, तेव्हा दोष एका सुट्या भागात असला तरी बदलावा लागतो सगळा डबा. कॉमन रेल डिझेलमध्ये दाब हजार बारच्या पुढे जातो. त्याची बारीक धार कातडी भेदून आत शिरते, म्हणून तेथे साधे गेज लावणे सर्वथा वर्ज्य, आणि भिस्त सारी सेन्सरच्या आकड्यावर. इथेनॉलमिश्रित पेट्रोल पाणी शोषून घेते, टाकीतला जुना गाळ सोडवून फिल्टरकडे लोटते, आणि जुन्या गाड्यांचे रबर त्यासाठी घडविलेले नसते.

सर्वांत जाचक अडचण मात्र यांत्रिक नाही. नव्या पंपाचे हजारो रुपये गिऱ्हाईक बिनतक्रार मोजते. गंजलेले टोक हुडकण्यात गेलेल्या दुपारचे पैसे मागितले की “बदललं तर काहीच नाही” म्हणून हुज्जत घालते. अशाने प्रामाणिक तपासणी करणारा नुकसानीत जातो आणि डोळे मिटून पंप बदलणारा बरकतीस येतो. तेव्हा वाचकहो, पंप बदलण्यास संमती देण्यापूर्वी भर वेगात घेतलेला दाबाचा आकडा आणि पंपापाशी मोजलेले व्होल्ट बिलावर लिहून मागा, आणि ते मोजून देणाऱ्याची मजुरी खळखळ न करता चुकती करा.