पितळ उघडं पडतं तेव्हा!

अमेरिकेत अनेक नेमबाज काडतुसाची रिकामी पुंगळी फेकत नाहीत, घरीच ती पुन्हा भरतात. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतुसं बनवणं हा शस्त्र कायदा, १९५९ नुसार गुन्हा आहे, त्यामुळे हा छंद विसरा. पण मेकॅनिकल किंवा मेटलर्जीला असाल, तर त्यामागचं शास्त्र जरूर समजून घ्या.

पुंगळीचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं, ३० टक्के जस्त. गोळी सुटताना पुंगळी दाबाने फुगते. ती पुन्हा वापरायची तर पोलादी साच्यात, म्हणजे ‘डाय’मध्ये दाबून मूळ मापावर आणावी लागते. खरी गोम इथेच आहे. प्रत्येक फुगण्या-दाबण्यात पितळ कडक होत जातं. तार पुन्हा पुन्हा वाकवून तोडता ना, अगदी तसंच! शेवटी तोंडाशी तडा जातो. म्हणून तोंडाकडचा भाग तापवून मऊ करतात, म्हणजेच अ‍ॅनिलिंग. बूड मात्र कडकच हवं. ते मऊ पडलं, तर बंदुकीतच फुटायची भीती.

ब्रिटिश काळात भारतात तर पावसाळ्यात तबेल्यांत साठवलेली काडतुसं न झाडताच तडकायची. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि घडवताना पितळात राहून गेलेला ताण, असं हे त्रिकूट होतं. त्याचा उलगडा १९२१ मध्ये झाला.

तेव्हा वर्कशॉपमध्ये व्हर्नियरवर माप बरोबर आलं, की लगेच खूश होऊ नका. आत ताण किती उरलाय, हेही विचारा!