चाकावरची टपरी : आस आणि सांगाडा

करंजीहून वणीकडे जाणारा रस्ता मारेगावातून जातो. या रस्त्याच्या कडेला चहा, पान, भजी, फळे, सायकलदुरुस्ती असे धंदे करणाऱ्या ज्या टपऱ्या उभ्या असतात, त्यांतील पुष्कळांना चाके असतात. ही चाके शेवटची कधी फिरली, असे आम्ही टपरीवाल्यांना नेहमी विचारतो. बहुतेकांचे उत्तर एकच असते : टपरी येथे आणली त्या दिवशी. म्हणजे चाक आहे, पण चाल नाही. आणि ज्या दिवशी चाल लागते तो दिवस टपरीवाला निवडीत नाही. रस्ता रुंद व्हायचा असतो, नाली काढायची असते, कोणाची सभा असते. त्या दिवशी जी टपरी चार माणसांच्या हातांनी ढकलली जाते ती वाचते. जी ढकलली जात नाही तिला यंत्राच्या दातांनी उचलतात, आणि उचलली की ती पुन्हा टपरी राहत नाही, भंगार होते. गावोगाव आम्ही हे पाहिले आहे. म्हणून आस आणि सांगाडा हा विषय वरवर लोहाराचा वाटला, तरी तो पोटाचा विषय आहे.

प्रथम आस, म्हणजे वेल्डिंगच्या दुकानात ज्याला ॲक्सल म्हणतात तो. दोन चाकांची एक टपरी घेऊ. पत्रा, फळ्या, शेगडी, बरण्या, पाणी मिळून तिचे वजन ६०० किलो धरू. प्रत्येक चाकावर ३०० किलो आले. सांगाड्याचा आधार जेथे संपतो तेथून चाक १५ सेंटिमीटर बाहेर आहे असे समजा. ३०० ला १५ ने गुणले की ४५०० येतात. आसाला वाकविणारा जोर तो हा. चाक ३० सेंटिमीटर बाहेर काढले तर वजन तेवढेच राहूनही हा जोर दुप्पट होतो. पुष्कळ टपऱ्यांत चाके दिसायला भक्कम दिसावीत म्हणून बाहेर काढतात, आणि आस नेमका तेथेच वाकतो.

आता या जोरापुढे सळई कशी टिकते ते पाहू. गोल सळईचे बळ तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. २५ मिलिमीटरची सळई घेतली तर वरील ओझ्याने तिच्यावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २९०० किलोचा ताण येतो. साधे पोलाद सुमारे २५०० च्या पुढे कायमचे वाकते. म्हणजे ही टपरी उभ्या उभ्याच आस वाकवून बसेल. ३० मिलिमीटरच्या सळईवर ताण १७०० येतो. उभी असताना ती टिकेल, पण खड्ड्यात चाक आदळून ओझे क्षणभर दुप्पट झाले की तीही वाकेल. ४० मिलिमीटरच्या सळईवर ताण सुमारे ७२० येतो, आणि खड्ड्यातही ती शाबूत राहते. २५ आणि ४० यांत फरक दीडपटीहून थोडा अधिक, बळात मात्र चौपट. जो पैसा टपरीच्या रंगाला आणि पाटीला जातो, त्यातला थोडा या सळईला द्यावा, एवढेच आमचे म्हणणे.

आस जाड असूनही तुटतो, तो बहुधा जोडावर. सांगाड्याखाली आस धरून आडवे वेल्डिंग मारतात. त्या तापाने जोडाच्या काठचे पोलाद कडक होऊ शकते, काठावर बारीक खाच राहते, आणि प्रत्येक धक्क्याला त्या खाचेतून चीर पुढे सरकते. म्हणून आस वेल्डिंगने न चिकटविता यू-बोल्टने जाड पट्टीवर आवळून बसवावा. बोल्ट ढिला झाला तर पाना लावून आवळता येतो, आस वाकला तर काढून दुसरा घालता येतो. चिकटविलेला आस काढायचा म्हणजे सगळी टपरी कापायची.

आसाची जागाही महत्त्वाची. दोन चाकांच्या टपरीत आसाच्या पुढे थोडे अधिक वजन हवे. एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा दांडीवर आला म्हणजे ओढताना ती मागे उलटत नाही. पाण्याचा पिंप आसाच्या वरच ठेवावा. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो. ते एका कोपऱ्यात ठेवले तर एकच चाक, एकच बेअरिंग आणि सांगाड्याचा एकच कोपरा ते सोसतो. टपरी हलविण्यापूर्वी पिंप ओतून रिकामा करावा, हे सांगायला नको. पण घाईत नेमके तेच राहते.

आता सांगाडा. आपल्या भागातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. चारी चाकांखालची जमीन सारखी खचत नाही. गटाराच्या बाजूचे चाक रुतते, रस्त्याच्या बाजूचे मुरमावर ताठ राहते. चार चाकांच्या टपरीत असे झाले की एक चाक जवळजवळ अधांतरी होते आणि ओझे मुख्यतः समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर येते. सांगाड्याला पीळ बसतो. याची पहिली खूण तळाशी वाकून शोधावी लागत नाही : टपरीचे दार लागेनासे होते. टपरीवाला दाराची कडी ठोकून बसवितो, रंधा मारतो. दोष मात्र दाराचा नसून पायाचा असतो.

पीळ सोसण्याच्या कामी अँगल दुबळा आणि चौकोनी नळी, म्हणजे बॉक्स पाईप, बळकट. कारण समजण्यासाठी पुठ्ठ्याची नळी हातात घेऊन पिळून पाहावी, मग तीच लांबीत चिरून पुन्हा पिळावी. पुठ्ठा तेवढाच आहे, पण चिरल्यावर तो हातात सहज वळतो. बंद नळीत जो जोर सर्व बाजूंनी फिरून येतो, तो उघड्या अँगलमध्ये कडेशी येऊन संपतो. नळीचा एक दोष मात्र आहे : आत पाणी साचले की ती आतून गंजते आणि बाहेरचा रंग शेवटपर्यंत शाबूत दिसतो. म्हणून नळीची वरची तोंडे बंद करावीत आणि सर्वांत खालच्या बाजूला एक लहान भोक ठेवावे. दर पावसाळ्यानंतर हातोडीने नळीवर हलके ठोकावे. खणखणीत आवाज आला तर ठीक. बद आवाज आला तर तेथे गंज आहे असे समजावे.

उभ्या चाकांचे हाल चालत्या चाकांपेक्षा अधिक होतात, हे पुष्कळांना खरे वाटत नाही. यावर सातासमुद्रापलीकडचे एक उदाहरण आहे. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात हिवाळ्यात तलाव गोठतात. बर्फाला भोक पाडून मासे धरण्यासाठी लोक चाकांवरची छोटी घरे तलावावर ओढून नेतात. जागेवर पोचले की कित्येक घरांची चाके वर उचलून घेता येतात. सांगाडा खाली टेकतो, चाकांवर भार राहत नाही. घर बर्फाला चिकटून गोठू नये म्हणून खाली ठोकळे घालतात. कारण मार्च महिन्यात सरकारने ठरविलेल्या तारखेपर्यंत ते घर तलावावरून काढावेच लागते. त्यांची जमीन वितळते, आपली फुगते. अडचण सारखीच आहे.

आपल्या टपरीला उचलती चाके परवडणार नाहीत, परंतु चार दगडी किंवा लाकडी ठोकळे परवडतात. जॅकने टपरी उचलून सांगाड्याच्या चारी कोपऱ्यांखाली, सपाट फरशीवर, ठोकळे ठेवावेत, म्हणजे चाके जमिनीपासून बोटभर सुटतात. टायर एका जागी चेपत नाही, बेअरिंगवर कायमचा भार राहत नाही आणि दार पुन्हा लागते. टायरला ऊन लागू नये म्हणून पोत्याचा तुकडा बांधावा. आपल्या उन्हाळ्यात रबराला पडणाऱ्या चिरा कोणी पाहिल्या नाहीत? बेअरिंगमध्ये वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि नंतर, नवे ग्रीस भरावे. गाड्याबरोबर नळ्याची यात्रा, असे आपण फुकट फिरणाऱ्याला म्हणतो. वास्तविक वंगणाचा तो नळा गाड्याला टांगलेला असे, म्हणूनच गाडा यात्रेला पोचत असे. जुन्या गाडीवानाला हे कळत होते.

आता कायद्याविषयी दोन शब्द, कारण चाक आणि कायदा हे दोन्ही एकाच दिवशी उपयोगी पडतात. पथविक्रेत्यांसाठी संसदेने २०१४ साली केलेल्या कायद्याप्रमाणे, पाहणी पूर्ण होऊन विक्रीचे प्रमाणपत्र दिले जाईपर्यंत विक्रेत्याला हटविता येत नाही. आणि प्रमाणपत्रातील जागेवरून हलवायचे असेल तर तीस दिवसांची सूचना द्यावी लागते. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले हवेत, आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. हे हक्क मागितल्याखेरीज मिळत नाहीत, आणि एकट्याने मागून तर मुळीच नाहीत. परंतु तीस दिवसांची सूचना हाती येऊनही ज्याचा आस वाकलेला आहे, तो त्या तीस दिवसांचे काय करणार? वेल्डिंगवाल्याच्या दारी रांगेत उभा राहणार.

म्हणून प्रत्येक रस्त्यावरच्या टपरीवाल्यांनी वर्गणी काढून एक जॅक, एक पाना आणि ग्रीसचा एक डबा सामाईक ठेवावा. महिन्यातून एक दिवस ठरवावा. त्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक येण्यापूर्वी सर्वांनी मिळून प्रत्येक टपरी ठोकळ्यांवरून उतरवावी, पाच पावले पुढे ढकलावी, पाच पावले मागे आणावी. जी अडेल तिची दुरुस्ती त्याच आठवड्यात करावी. त्या वेळी चहाला आलेल्या गिऱ्हाइकानेही कपबशी बाजूला ठेवून टपरीला हात लावला, तर त्याच्या चहाला उशीर होईल एवढेच. पुढच्या वर्षीही त्याच जागी चहा मिळण्याची शक्यता मात्र पुष्कळ वाढेल.