मिक्सरचे वॅट कळतात, मग ग्राफिक्स कार्ड का नाही?

घरात मिक्सर घ्यायचा असला की आपण दुकानदाराला किती प्रश्न विचारतो! वॅट किती, भांडी किती, ओलं खोबरं नीट वाटलं जाईल ना, सर्व्हिस सेंटर गावात आहे की जिल्ह्याला जावं लागेल? ५०० वॅटचा मिक्सर इडलीचं पीठ वाटताना तापतो आणि ७५० वॅटचा दमाने चालतो, हे आपल्याला कुठल्या शाळेत शिकवलेलं नसतं. वापरून, विचारून कळलेलं असतं. पण त्याच घरात साठ-सत्तर हजारांचा लॅपटॉप घ्यायची वेळ आली की आपण एकदम मागच्या बाकावर जाऊन बसतो. 'त्यातलं आपल्याला काय कळतंय? पोरं म्हणतील तो घ्या.' पैसे मात्र आपल्याच भिशीचे, नाहीतर आपल्याच बचत गटाचे असतात!

मैत्रिणींनो, हल्ली मुलांच्या तोंडी एक शब्द सारखा असतो : ग्राफिक्स कार्ड. गेम खेळायचेत, कार्ड हवं. कॉम्प्युटरवर चित्रं काढायचीत, कार्ड हवं. हे कार्ड नेमकं काय असतं आणि त्यापायी किती पैसे घालावेत, हे मला समजून घ्यावं लागलं ते आमच्या बचत गटामुळे.

गेल्या वर्षी, २०२५ च्या जून महिन्यात, गटातल्या एका मैत्रिणीने ५० हजारांचं कर्ज मागितलं. ती शिवणकाम करते. मुलगी बारावीला, मुलगा दहावीला. मुलीचा हात चित्रकलेत चांगला आहे. मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर बोटाने ती अशी चित्रं काढते की बघत राहावं. मुलाला गेमचं वेड. दोघांत मिळून एक लॅपटॉप घ्यायचा होता. कारण ऐकताच बैठकीत कुजबुज सुरू झाली. 'शेळीला कर्ज दिलं, पिठाच्या गिरणीला दिलं. आता गेम खेळायला द्यायचं?' कुणी म्हणालं, 'पोरगी उद्या सासरी जाईल, तिला कशाला एवढं महागाचं?' मैत्रीण गप्प बसून होती. बैठक संपल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाली, "ताई, मला एवढंच सांगा, हे एवढं महागाचं खरंच लागतं का? लागत असेल तर मी रात्री जागून ब्लाउज शिवीन. पण फसायला नको."

आता मी बी.ए. मराठीवाली! पण पुण्यात इंजिनिअरिंग शिकणारा माझा भाचा आहे. त्याला फोन लावला. "मावशी, तू कधीपासून गेम खेळायला लागलीस?" असं म्हणून आधी पोटभर हसला. मग मात्र चार दिवस रोज संध्याकाळी मला शिकवत होता.

पडद्यावरचं चित्र म्हणजे बारीक बारीक ठिपके. साध्या फुल एचडी पडद्यावर २० लाखांहून जास्त ठिपके असतात, आणि गेममध्ये ते सगळे सेकंदाला साठ-साठ वेळा नव्याने रंगवावे लागतात. कॉम्प्युटरचा मुख्य प्रोसेसर म्हणजे एक पट्टीची सुगरण. अवघडातला अवघड पदार्थ करील, पण हजार पापड एकटीने लाटायचे म्हटलं तर रात्र होईल. तिथे शंभर बायका ओळीने बसवाव्या लागतात. ग्राफिक्स कार्ड म्हणजे ही पापड लाटणाऱ्या बायकांची फौज. काम सोपं, पण सगळ्यांनी एकाच वेळी करायचं.

या फौजेला सामान मांडायला जागा लागते, ती म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी. ४ जीबी, ६ जीबी, ८ जीबी असे तिचे आकडे असतात. हा कार्डाचा ओटा समजा. साध्या लॅपटॉपमध्ये चित्राचं काम प्रोसेसरच्या पोटातलाच एक भाग करतो. त्याला वेगळा ओटा नसतो. तो लॅपटॉपच्या रॅममधूनच जागा उसनी घेतो. वेगळं कार्ड असलं की ओटा वेगळा. ही कार्डं बनवणाऱ्या मुख्य कंपन्या तीन : एनव्हिडिया, एएमडी आणि इंटेल. आपल्या दुकानांत जास्त करून एनव्हिडियाची आरटीएक्स कार्डं दिसतात.

नावातल्या आकड्यांचीही गंमत आहे. आरटीएक्स ४०६० मधले पहिले दोन आकडे पिढीचे आणि शेवटचे दोन दर्जाचे. ५० सगळ्यात खालची पायरी, मग ६०, मग ७०. पण नुसत्या नावावर जाऊ नये. लॅपटॉपमधलं ४०६० कार्ड कंपनीगणिक ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत असू शकतं. नाव तेच, ताकद वेगळी. झाला की नाही आपला मिक्सर? तसंच टेबलावरच्या मोठ्या कॉम्प्युटरमधल्या ४०७० कार्डाला १२ जीबी मेमरी असते, लॅपटॉपमधल्या ४०७० ला ८ जीबीच. त्यामुळे कुणी मोठ्या कॉम्प्युटरवरचा अनुभव सांगितला तर तो लॅपटॉपला जसाच्या तसा लावायचा नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, लॅपटॉपचं कार्ड मुख्य पट्टीवरच पक्कं बसवलेलं असतं. रॅम पुष्कळ लॅपटॉपमध्ये मागाहून वाढवता येते, पण कार्ड बदलता येत नाही. एकदा घेतलं की चार-पाच वर्षं तेच. म्हणून विचार करायचा तो आधीच.

मग चित्रांना कार्ड किती लागतं? इथे मात्र मी चकित झाले. सपाट चित्रं, म्हणजे कागदावर काढतो तशी, काढायला भारी कार्ड लागतच नाही. क्रिता नावाचं चित्रं काढायचं सॉफ्टवेअर आहे, चक्क फुकट. ते बिनकार्डाच्या लॅपटॉपवरही चालतं. तिथे कामाला येते ती रॅम. चित्रात एकावर एक थर चढत गेले की ८ जीबी रॅम अपुरी पडते, १६ असली तर बरं. दाबाप्रमाणे रेघ जाड-बारीक करणारं पेन आणि पाटी वेगळी घ्यावी लागते. शिकणाऱ्याला पुरेल अशी पाटी तीन-चार हजारांत येते. लॅपटॉप कितीही महाग घेतला आणि ही पाटी घेतली नाही, तर चित्रं काढणार कशाने? माउसने?

आणि रंग दाखवतो तो पडदा, कार्ड नव्हे. गेमसाठीच्या कमी किमतीच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये कार्ड दणकट असतं, पण पडदा फिका. बॉक्सवर '४५ टक्के एनटीएससी' असं लिहिलेलं असलं की समजायचं, लाल कुंकू विटकरी दिसणार. चित्रकाराने '१०० टक्के एसआरजीबी' हे शब्द बघायचे. नाहीतर मुलगी इथे एक रंग भरणार आणि छापखान्यातून दुसराच बाहेर येणार.

कार्ड खरोखर लागतं ते त्रिमितीच्या कामाला, म्हणजे हलणाऱ्या-बोलणाऱ्या बाहुल्यांच्या ॲनिमेशनला. त्याचं ब्लेंडर नावाचं सॉफ्टवेअरही फुकट आहे. लाटव्हिया नावाच्या छोट्याशा देशातल्या दिग्दर्शकाने 'फ्लो' हा मांजराचा सिनेमा याच ब्लेंडरवर केला आणि २०२५ मध्ये त्याला ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं! अशा कामात एकेक चित्र पक्कं व्हायला वेळ लागतो, तो चांगलं कार्ड असलं की पुष्कळ कमी होतो.

गेमचंही तसंच. व्हॅलोरंटसारखा खेळ साध्या लॅपटॉपवरही चालतो. सायबरपंकसारख्या खेळाला मात्र तगडं कार्ड हवं. तेव्हा मुलाला 'कुठले गेम?' हे नावानिशी विचारावं. जाता जाता हेही सांगते की, पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ ही वेगळी गोष्ट आहे. त्यांवर ऑगस्ट २०२५ च्या केंद्र सरकारच्या कायद्याने बंदी आणली. कर्ज नाकारताना आमच्या बायकांच्या डोळ्यांसमोर तेच खेळ होते.

पुढच्या बैठकीत मी हे सगळं पापडाच्याच भाषेत सांगितलं. कर्ज मंजूर झालं, शेकडा एक रुपया व्याजाने. मैत्रीण, तिची दोन्ही मुलं आणि मी, असे चौघं जिल्ह्याच्या दुकानात गेलो. पहिल्याच दुकानदाराने एक लॅपटॉप पुढे केला. "वहिनी, आठ जीबी ग्राफिक्स आहे." भाच्याने शिकवलं होतं, तसं मुलीने कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली. टास्क मॅनेजर उघडला. त्यात परफॉर्मन्स आणि मग जीपीयू. 'डेडिकेटेड' पुढचा आकडा नावापुरता होता, बाकी सगळी रॅममधली उसनवारी! दुकानदार म्हणाला, "एकच झालं." आम्ही बाहेर पडलो.

दुसऱ्या दुकानात दोन लॅपटॉप पसंतीला आले. पहिला ७६ हजारांचा. त्यात आरटीएक्स ४०५०, ६ जीबी, पण पडदा फिका. दुसरा ६७ हजारांचा. त्यात जुन्या पिढीचं ३०५०, मेमरी तेवढीच ६ जीबी, आणि पडदा १०० टक्के रंगांचा. गेम पहिल्यावर जास्त सुसाट चालणार, हे उघड होतं. मुलाचा डोळा अर्थात त्याच्यावरच. दोघं भावंडं कोपऱ्यात जाऊन बराच वेळ बोलत होती. घरोघरी अशा वेळी काय होतं, ते तुम्हाला-मला ठाऊक आहे. मैत्रीण मला हळूच म्हणाली, "ताई, आमच्यात पोराचंच चालतं." पण या वेळी तिने दोघांना समोर बोलावलं आणि विचारलं, "कर्ज कशासाठी काढलंय?" मुलगा थोडा घुटमळला, मग म्हणाला, "ताईच्या चित्रांसाठी. माझे गेम मिडियमवर चालतील." वाचलेल्या ९ हजारांतून पेनाची पाटी आली आणि ८ जीबीची रॅम वाढवून १६ करून घेतली.

मुलीला डिझाइनला जायचं आहे. आयआयटी मुंबई घेते त्या यूसीड परीक्षेचा एक भाग कागदावर हाताने चित्र काढायचा असतो. म्हणजे कार्डामुळे प्रवेश मिळत नाही, सराव हातालाच करावा लागतो. हे मी तिला मुद्दाम सांगितलं आणि तिच्या आईलाही. अपेक्षांचं ओझं लॅपटॉपच्या किमतीएवढं नको.

घरी आणल्यावरच्याही काही गोष्टी आहेत. या लॅपटॉपचा चार्जर चांगला विटेएवढा असतो. गेम चालू असताना लॅपटॉप दोन-तीन पंख्यांएवढी वीज सहज खातो. लाइट गेली की बॅटरीवर कार्डाची ताकद उतरते आणि गेम खेळताना बॅटरी भराभर संपते. इन्व्हर्टरवर खेळ बंद, हा नियम आमच्या मैत्रिणीने पहिल्याच दिवशी केला. गादीवर, उशीवर ठेवून वापरू देऊ नका. खालची जाळी बंद होते आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात यंत्र आधीच तापलेलं असतं. एक पाट पुरतो.

तुमच्या घरी हा विषय निघाला तर दुकानात जाण्याआधी एका कागदावर एवढं लिहून न्या. काम कुठलं : सपाट चित्रं, त्रिमितीची चित्रं की गेम, आणि गेम असतील तर कुठले? कार्डाचं पूर्ण नाव काय, त्याची स्वतःची मेमरी किती, वॅट किती? रॅम किती आणि पुढे वाढवता येईल का? पडदा किती टक्के एसआरजीबी? बिघडला तर माणूस घरी येणार की लॅपटॉप घेऊन जिल्ह्याला जायचं? किमती सारख्या खाली-वर होतात, तेव्हा मी सांगितलेले भाव धरून बसू नका. दोन-तीन दुकानांत विचारा.

आणि पक्कं जीएसटीचं बिल घ्या. त्यावर कार्डाचं नाव आणि लॅपटॉपचा सीरियल नंबर लिहून घ्या. बिल कुणाच्या नावाने करायचं, असं त्या दुकानदाराने विचारलं तेव्हा मुलगा सवयीने वडिलांचं नाव सांगू लागला होता. मैत्रिणीने त्याला थांबवलं आणि स्वतःचं नाव सांगितलं. हप्ते तीच फेडते आहे.