सुटलेला व्यायाम पुन्हा धरताना

मंडळी, आमच्या धरणगावात एप्रिल-मेच्या उन्हात अनेक ज्येष्ठांचे फिरणे सुटते. माझे डेंग्यूमुळे दोन महिने सुटले. जिना चढताना कठडा धरावा लागे. “आता वय झालं,” असे घरचे म्हणत.

वयाचे कारण खरे, पण अर्धेच. न वापरलेला स्नायू झपाट्याने क्षीण होतो. वापरला की उतारवयातही बळ धरतो. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या बोस्टनच्या अभ्यासात नव्वदीच्या घरातील ९ वृद्धांनी देखरेखीखाली ८ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा सराव केला. त्यांची ताकद सरासरी पावणेतीनपट झाली.

आपण डॉक्टरांना विचारून खुर्चीपासून आरंभ करावा. हात न टेकता ५ वेळा उठावे, बसावे. जमेना तर हाताचा आधार घ्यावा. चालणे १० मिनिटांपासून, गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने. ऊन तापले तर घरातच. छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर थांबून लगेच डॉक्टरांना गाठावे.

दर आठवड्याला ५ मिनिटे वाढवली, तर पाचव्या आठवड्यात अर्धा तास होतो. आठवड्यातून ५ दिवस असे चाललात, की १५० मिनिटे भरली. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना किमान तेवढेच सांगते.