कांद्याचे वीस महिने

१९ ऑगस्ट २०२३ हा शनिवार होता. त्या दिवशी केंद्राच्या अर्थ खात्याने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. १ एप्रिल २०२५ रोजी त्यातलं उरलेलं २० टक्के शुल्कही गेलं आणि निर्यात पुन्हा मोकळी झाली. मधल्या जेमतेम वीस महिन्यांत सरकारने शुल्क लावलं, किमान निर्यात मूल्य ठरवलं, निर्यात साफ बंद केली, बंदीची मुदत काढून ती बेमुदत केली, निवडक देशांना कोटा दिला, लोकसभेच्या मतदानाच्या धामधुमीत बंदी उठवली, विधानसभेच्या तोंडावर शुल्क निम्मं केलं आणि शेवटी काढून टाकलं. उन्हाळ म्हणजे रब्बी कांद्याचं रोप टाकल्यापासून चाळीतला शेवटचा कांदा बाजारात जाईपर्यंत वर्ष जातं. म्हणजे शेतकऱ्याच्या एका निर्णयाचं फळ हाती यायच्या आत सरकारचे चार-पाच निर्णय होऊन गेलेले असतात.

निर्यातबंदी योग्य की अयोग्य, हा वाद जुना आहे. दोन्ही बाजूंकडे सांगण्यासारखं काही आहे. मला या वीस महिन्यांत खटकलं ते वेगळं. भाव चढले की ते पाडायची हत्यारं सरकारकडे तयार असतात आणि एका रात्रीत चालतात. भाव कोसळले की मात्र समित्या बसतात, निवेदनं घेतली जातात, अनुदानाच्या अटी ठरतात.

हे आजच्याच राज्यकर्त्यांचं पाप आहे असंही नाही. १९८० च्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधींनी कांद्याचे भाव प्रचारात आणले, १९९८ मध्ये दिल्लीतलं भाजपचं सरकार पडण्यात कांद्याचा मोठा वाटा होता, आणि तेव्हापासून दिल्लीत बसणाऱ्या प्रत्येकाने कांद्याची धास्ती घेतलेली आहे. शरद जोशींनी चाकणला कांद्याचं आंदोलन उभं केलं तेव्हाही तक्रार हीच होती. केंद्रात संयुक्त पुरोगामी आघाडी आणि कृषी खातं शरद पवारांकडे असताना, २०१० च्या डिसेंबरात आणि पुन्हा २०११ च्या सप्टेंबरात निर्यात बंद झाली होती. २०१९ च्या सप्टेंबरात पुन्हा बंदी आली. २०२० ने तर कमाल केली. जूनमध्ये अध्यादेश निघाला की कांदा-बटाटा आता जीवनावश्यक वस्तूंच्या जाचातून मोकळा, शेतकऱ्याला बाजाराचं स्वातंत्र्य मिळालं. त्याचं विधेयक संसदेत मंजूर होत असतानाच, १४ सप्टेंबरला, कांद्याची निर्यात बंद झाली आणि बांगलादेशच्या सीमेवर कांद्याचे ट्रक अडकून पडले.

२०२३ च्या ऑगस्टची गोष्ट त्याच वर्षीच्या फेब्रुवारीपासून सांगितली नाही तर अर्धी राहते. त्या महिन्यात लाल कांद्याचे भाव इतके गडगडले की सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा विकणाऱ्या शेतकऱ्याच्या हातात हमाली, तोलाई, गाडीभाडं जाऊन दोन रुपयांचा चेक पडला. विक्रीच्या पट्टीचा फोटो राज्यभर फिरला. मार्चमध्ये किसान सभेचा मोर्चा दिंडोरीहून मुंबईकडे निघाला. राज्य सरकारने आधी क्विंटलला ३०० आणि मग ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, तेही शेतकऱ्यामागे २०० क्विंटलपर्यंत. सातबाऱ्यावर पिकाची नोंद हवी अशी अट पडली. ज्यांची ई-पीक पाहणी राहिली होती, ते तलाठ्याकडे चकरा मारत बसले.

त्या हंगामात तोंड पोळलेल्यांनी उन्हाळ कांदा चाळीत भरला. शहरातल्या वाचकासाठी चाळ म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण साठेबाजी हा शब्द वापरणाऱ्यांनी ती बहुधा पाहिलेली नसते. जमिनीपासून दीड-दोन फूट उचललेला सांगाडा, दोन्ही बाजूंना वारा खेळेल अशी जाळी किंवा बांबूच्या पट्ट्या, वर पत्रा, आणि आत पंचवीसेक टन कांदा. निफाड-येवल्याकडे शेतातल्या घराशेजारी ती असतेच. एप्रिल-मेमध्ये वाळवून, पात कापून भरलेला कांदा ऑगस्टात बाहेर काढायचा, तेव्हा आधी नाकाला कळतं. चाळ फोडली की बायका पाट घेऊन बसतात: चांगला माल एका बाजूला, गोल्टी म्हणजे बारीक कांदा वेगळा, जोड कांदा वेगळा, मोड आलेला आणि सडका उकिरड्यावर. पावसाळा दमट गेला तर चार-पाच महिन्यांत तीस-चाळीस टक्के वजन असंच जातं. ही घट सोसायची ती एका आशेवर, की ऑगस्ट ते ऑक्टोबरात बाजारात माल कमी असतो तेव्हा भाव मिळेल. तो भाव नेमका दिसू लागला आणि शुल्क आलं.

शुल्क निर्यातदारावर असतं, शेतकऱ्यावर नाही, असा युक्तिवाद तेव्हा टीव्हीवर ऐकला. लासलगावच्या लिलावात दहा मिनिटं उभं राहिलं तरी तो टिकत नाही. दुबईत किंवा कोलंबोत कांदा काय दराने जाणार हे तिथला बाजार ठरवतो. पाकिस्तानचा, चीनचा, इजिप्तचा माल तिथे असतोच. व्यापारी ट्रॉलीपाशी येतो, मूठभर कांदा हातात घेऊन दाबून पाहतो आणि परदेशातल्या दरातून शुल्क, भाडं, गोणी, नफा वजा करून उरेल ती बोली लावतो. शेतकऱ्याला हा बोजा ढकलायला पुढे कुणी नसतं.

बाजार बंद पडले. महाराष्ट्रातून दिल्लीला फोन गेले, मंत्री गेले, आणि २२ ऑगस्टला केंद्रीय मंत्री पीयूष गोयल यांनी २,४१० रुपये क्विंटलने आणखी दोन लाख टन खरेदी जाहीर केली. घोषणा मोठी होती, पण नाफेड आणि एनसीसीएफ या केंद्रासाठी खरेदी करणाऱ्या सहकारी संस्थांची खरेदी बाजार समितीच्या लिलावात होत नव्हती. ती उत्पादक कंपन्या आणि सहकारी संस्थांच्या केंद्रांवर, ठरलेल्या आकाराच्या निवडक मालाची. ट्रॉलीभर कांद्यातला किती कांदा त्या चाळणीतून जाणार? वर हा विकत घेतलेला माल पुढे दिल्लीत २५ रुपये किलोने भाव उतरवण्यासाठीच वापरला जायचा. २० सप्टेंबरपासून नाशिकच्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले, ते ऑक्टोबर उजाडेपर्यंत. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आलं, म्हणजे किलोला साधारण ६७ रुपये.

त्यानंतर ८ डिसेंबरची निर्यातबंदी. ही आधीच्या सगळ्या निर्णयांपेक्षा वाईट होती, आणि त्याचं कारण कांद्याच्या जातीत आहे. डिसेंबरात बाजारात येतो तो खरिपाचा लाल कांदा. त्यात पाणी जास्त, तो चाळीत टिकत नाही. शेतातून काढला की काही दिवसांत विकावाच लागतो. उन्हाळ कांदेवाला निदान थांबून बघू शकतो. लाल कांदेवाल्याला थांबायची सोयच नाही. दोन आठवड्यांत भाव जवळपास निम्मे झाले. चांदवडला मुंबई-आग्रा महामार्गावर रास्ता रोको झाला, त्यात शरद पवार स्वतः उतरले. २०१० ची बंदी आठवणाऱ्यांनी हसून घेतलं.

फेब्रुवारी २०२४ मधले दोन-तीन दिवस तर नमुन्यादाखल जपून ठेवावेत असे. बंदी उठल्याची बातमी आली, लासलगावला भाव उसळले. लगेच ग्राहक व्यवहार खात्याच्या सचिवांनी खुलासा केला की असं काही नाही, बंदी ३१ मार्चपर्यंत कायम. त्या दोन दिवसांत ज्याने चढ्या दराने माल घेतला तो गेला, आणि ज्याने आणखी चढेल म्हणून ट्रॉली परत नेली तोही गेला. ३१ मार्चला तरी सुटका होईल म्हणून लोक दिवस मोजत होते; २२ मार्चच्या अधिसूचनेने बंदी ‘पुढील आदेशापर्यंत’ वाढवली. मुदत असलेल्या संकटात माणूस काही बेत करतो. ‘पुढील आदेशापर्यंत’मध्ये तोही करता येत नाही.

एप्रिलच्या अखेरीस गुजरातच्या पांढऱ्या कांद्याला दोन हजार टन निर्यातीची परवानगी मिळाली. आकड्याने किरकोळ, परिणामाने जबर. नाशिकच्या पारावर अर्थशास्त्राची चर्चा त्या दिवशी संपली आणि ‘त्यांचा कांदा आणि आमचा कांदा’ सुरू झालं. सरकारने घाईघाईने सहा देशांसाठीचा ९९,१५० टनांचा आकडा पुढे केला, पण त्यात आधी वेळोवेळी दिलेल्या परवानग्याच एकत्र मोजलेल्या होत्या. मग ४ मे रोजी बंदी उठली, तीही टनाला ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क यांच्यासह. राज्यातला मतदानाचा तिसरा टप्पा ७ मे रोजी होता, नाशिक-दिंडोरीचं मतदान २० मे रोजी. १५ मे रोजी पिंपळगाव बसवंतच्या सभेत पंतप्रधान बोलत असताना गर्दीतून एका तरुणाने कांद्यावर बोलायची मागणी केली, ती देशभर दिसली.

४ जूनला दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री भारती पवार हरल्या, भास्कर भगरे नावाचे शिक्षक निवडून आले. नाशिक, धुळे, अहमदनगर, शिरूर या कांद्याच्या पट्ट्यातल्या जागांवर महायुती हरली. मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनीच कांद्याने रडवल्याची कबुली दिली. १३ सप्टेंबरला किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं. शेतकरी संघटनांनी याला मताची ताकद म्हटलं, आणि तेव्हा ते खोटंही नव्हतं.

पण मागोवा घ्यायचा तर नोव्हेंबरचाही घ्यावा लागतो. विधानसभेला नाशिक जिल्ह्यातल्या १५ पैकी १४ जागा महायुतीने जिंकल्या. पाच-सहा महिन्यांपूर्वीचा राग कुठे गेला? शुल्क निम्मं झालं होतं, तेव्हा भाव बरे होते, आणि लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये घराघरात पोचत होते. मतदाराला मी नावं ठेवणार नाही. हातात आलेला पैसा खरा असतो. राज्यकर्त्यांनी मात्र यातून एक सोयीचा धडा घेतला असणार: धोरण सुधारायची गरज नाही, नुकसानीची बोच दुसऱ्या खात्यातून कमी करता येते.

आता १ एप्रिल २०२५ कडे पाहू. शुल्क काढताना सरकारने स्वतःच आकडे दिले. रब्बीचं उत्पादन २२७ लाख टन होण्याचा अंदाज, आदल्या वर्षीचं १९२ लाख टन. म्हणजे माल मुबलक होणार आणि भाव पडणार हे दिसत असताना दार उघडलं. दाराबाहेरची स्थिती काय होती? २०२२-२३ मध्ये २५ लाख टनांवर गेलेली निर्यात २०२३-२४ मध्ये १७.१७ लाख टनांवर आणि २०२४-२५ मध्ये मार्चच्या १८ तारखेपर्यंत ११.६५ लाख टनांवर आली होती. आपण बंदी घातली तेव्हा आखातातल्या आणि श्रीलंकेतल्या खरेदीदारांनी पाकिस्तानकडे, चीनकडे तोंड वळवलं. बांगलादेशने स्वतःच्या शेतकऱ्यासाठी आयातीवर लगाम घातला. ज्या गिऱ्हाइकाला वर्षात दोनदा ‘माल नाही’ म्हणून सांगितलं, ते आपल्या सवडीने परत येत नाही. मे महिन्यातल्या अवकाळी पावसाने कांदा भिजवला तो वेगळाच.

शहरी ग्राहकाची बाजू खोटी नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात दिल्लीत कांदा सत्तर-ऐंशी रुपये किलो झाला होता आणि रोजंदारीवर जगणाऱ्याला तो परवडत नव्हता. पण इलाज योग्य जागी होतो का? ग्राहक किंमत निर्देशांकात तेव्हा कांद्याचा भार ०.६४ टक्के होता. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ मधल्या एका अभ्यासानुसार ग्राहकाने कांद्यावर खर्च केलेल्या रुपयातले ३६ पैसे शेतकऱ्याला मिळतात. उरलेले ६४ पैसे वाहतूक, घट, दलाली, साठवण, किरकोळ विक्री यांत जातात. सरकार दर वेळी त्या ३६ पैशांवरच घाव घालतं, कारण तिथे अधिसूचना पोचते. घट कमी करायला वर्षं लागतात. कांद्याला मोड येऊ नये म्हणून लागणारं विकिरण केंद्र भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावलाच २००२ मध्ये उभं केलं. त्याचं नाव झालं ते आंबा अमेरिकेला पाठवण्यासाठी.

माझी मागणी निर्यात कायम खुली ठेवा अशीही नाही. नियम आधी सांगा, एवढीच आहे. किरकोळ भाव कुठल्या पातळीला सलग किती आठवडे राहिला की शुल्क लागेल, आणि कुठल्या पातळीला ते आपोआप उठेल, हे लागवडीआधी जाहीर करा. लाल कांद्याच्या आवकेत बंदी घालू नका. घातलीच, तर त्या दिवसापासून पडलेल्या भावाचा फरक देण्याची जबाबदारी त्याच अधिसूचनेत घ्या. जो खर्च ग्राहकासाठी आहे तो तिजोरीतून होऊ दे. मग बंदी घालणारेही दोनदा हिशोब करतील.

निर्यात आज खुली आहे, म्हणून धोरण बदललं असं कुणी सांगितलं तर मी मान डोलावणार नाही. भाव पडलेले असताना मोकळीक देण्यात सरकारचं काही जात नाही. दिल्लीत कांदा पुन्हा साठ रुपये होईल, एखाद्या राज्याची निवडणूक महिन्यावर असेल आणि तरीही शनिवारी अधिसूचना निघणार नाही, तेव्हा बोलू.