वाऱ्याला वाट देणारं पातं

वारा फुकट असतो. पवनचक्कीच्या विजेचा दर ठरतो तो यंत्र उभं करण्याच्या आणि टिकवण्याच्या खर्चावर. पात्याची लांबी दुप्पट केली की ते चौपट क्षेत्रातला वारा पकडतं. मात्र जाडी-रुंदीही त्याच प्रमाणात वाढवली, तर वजन आठपट होतं. शिवाय सोसाट्याच्या झोताचा धक्का बुंध्यापासून मनोऱ्याच्या पायापर्यंत पोचतो. ते सगळं मजबूत करण्यात जास्तीच्या विजेची कमाई संपून जाते.

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोची सँडिया राष्ट्रीय प्रयोगशाळा ओळखली जाते ती अण्वस्त्रांच्या कामामुळे. मला मात्र तिचं पात्यांवरचं काम जास्त मोलाचं वाटतं. या शतकाच्या पहिल्या दशकात तिथल्या अभियंत्यांनी ९ मीटरची प्रायोगिक पाती घडवली. एकाच्या बुंध्याकडच्या भागाची मागची कड धारदार न ठेवता जाड आणि सपाट ठेवली, त्यामुळे कमी मालात ताकद आली. दुसऱ्यात कार्बनचे तंतू लांबीला समांतर न अंथरता तिरके अंथरले. असं पातं वाकलं की आपसूक थोडा पीळही घेतं.

हाच पीळ नुसत्या आकारातून साधता येईल का? सँडियाच्या साथीने कॅलिफोर्नियातल्या ‘नाइट अँड कार्व्हर’ कंपनीने ‘स्टार’ नावाचं २७ मीटरचं पातं तयार केलं. त्याचं टोक कोयत्यासारखं मागे वळलेलं आहे. झोत आला की दाब या वळलेल्या टोकावर पडतो, म्हणजे पात्याच्या मधल्या रेषेच्या मागे. त्यामुळे पातं किंचित पिळतं, वाऱ्याशी होणारा त्याचा कोन घटतो आणि भार उतरतो. झोत ओसरला की ते पूर्ववत होतं. यासाठी ना मोटर लागते, ना संवेदक. मला सगळ्यात भावतं ते हेच: वाऱ्याशी झुंजण्याची ताकद विकत घेण्याऐवजी इथे त्याला वाट करून दिली आहे.

२००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या तेहाचापी इथे ही पाती एका चालू पवनचक्कीवर चढवली. ती जुन्या सरळ पात्यांपेक्षा लांब होती, तरी यंत्रावरचा भार फारसा वाढला नाही आणि वीज मात्र १० ते १२ टक्के जास्त मिळाली.

आज समुद्रातल्या पवनचक्क्यांची पाती १०० मीटरच्या पुढे गेली आहेत. तिथे या पिळाचं गणित फार काटेकोर करावं लागतं, कारण पिळायला सैल असलेलं लांब पातं वेगात फडफडू लागलं, तर काही क्षणांत फाटू शकतं.